ऑपरेशन झालंय, मग निरोध कशाला?

सरकारी रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे गुप्तरोगांवर उपचार होणाऱ्या केंद्रात, समुपदेशक म्हणून काम करताना एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की त्याचे उत्तर तोंडपाठ झाले: “मॅडम, बायकोचं ऑपरेशन झालंय, मग निरोध कशाला?” लघवीच्या जागेतून पू येतो म्हणून आलेला आणि करड्या रंगाच्या 1 क्रमांकाच्या किटमधल्या गोळ्या घेणारा पुरुष बाहेरच्या संबंधांत निरोध वापरण्याचे चटकन कबूल करतो, घरचा विषय निघाला की मात्र चुळबुळू लागतो.

याचे मूळ मला ‘निरोध’ या सरकारी कंडोमच्या नावातच दिसते. 1968 साली हे नाव घरोघरी पोहोचले ते कुटुंबनियोजनासाठी, गुप्तरोग टाळण्यासाठी नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर निरोधावर अवलंबून असणाऱ्या केवळ 9.5 टक्के होत्या. पाळणा एकदा थांबला की निरोध घरात आणायला सबबच उरत नाही आणि तरीही तो आणला, तर ती एक प्रकारे कबुलीच ठरते.

या संकोचाची किंमत पुण्याने पाहिली आहे. 1993 ते 1996 या काळात तेथील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रयाशी संबंध नसलेल्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली आणि त्यांतील बहुतेकींचा संबंध आयुष्यात फक्त नवऱ्याशी आलेला होता. त्याच शहरात वारंवार तपासणी आणि समुपदेशनासाठी येणाऱ्या पुरुषांमध्ये वेश्यांकडे जाताना निरोध वापरण्याचे प्रमाण वाढल्याचेही दिसले होते, म्हणजे समुपदेशन वाया जात नाही. पण माझ्या अनुभवात ते उंबरठ्यापाशी अडखळते.

मग मी ‘पथ्य’ हा शब्द वापरू लागले. औषध घेतल्यावर सात दिवस संबंध नको, आणि त्यानंतरही बायकोचे उपचार पूर्ण होईपर्यंत निरोध, हे डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य आहे, असे म्हटले की पुरुष ते घरी सांगू शकतो. यातून मी त्याला खोटे बोलायला मदत करते की काय, ही टोचणी मात्र गेली नाही, कारण जोडीदार म्हणून बोलावलेली बायको समोर बसून “मला हे कशानं झालं?” असे विचारते तेव्हा नवऱ्याने सांगितलेले गुपित मी तिला सांगू शकत नाही.

अशाच एकीने गोळ्या पिशवीत टाकल्या आणि निरोधाचे पाकीट टेबलावर माझ्याकडे सरकवले. म्हणाली, “हे त्यांच्याच हातात द्या. मी काढलं तर मलाच विचारतील, कुठं शिकलीस म्हणून.”