वेग नव्हे, हात

आज ओहायोत पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्या शेजारी-शेजारी पळवायच्या सरळ धावपट्टीवर, दिवस गेला. ब्रॅकेट रेसिंग: आपली गाडी किती वेळात पोचेल ते आधीच लिहायचं. पांढऱ्या शू पॉलिशने माझ्या जुन्या सिव्हिकच्या काचेवर १६.४० सेकंद लिहिलं, लिहिलेल्या वेळांतल्या फरकाइतकी आघाडी हळू गाडीला मिळते. पण क्वालिफाइंगचा, म्हणजे मुख्य शर्यतीआधीच्या फेरीचा, क्रम लावला निव्वळ वेगावर! म्हणजे ज्याचं इंजिन महाग, तो वर. अहो, क्रम रिअ‍ॅक्शन टाइमवर, म्हणजे हिरव्या दिव्याला गाडी किती चटकन सुटते त्यावर, लावा. शेवटचा पिवळा दिवा ते हिरवा, मध्ये जेमतेम अर्धा सेकंद. तिथे पैसा नाही, सराव चालतो. माझ्या वेळेच्या स्लिपवर रिअ‍ॅक्शन ०.०३८ सेकंद आलं तेव्हा हात थरथरत होते. आणि दोन्ही लेनमधून एकेक संधी हवीच. दुपारी उजव्या लेनला ऊन थेट डोळ्यांत, दिवेच दिसेनात. पुढच्या शनिवारी आयोजकांशी बोलणार आहे.