आज सिंहगड
आज पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढलो. वय ६७. चढताना दम लागतो, पण तो घटकाभर बसलं की शांत होतो. खरी परीक्षा उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू अख्ख्या अंगाचा भार सावरतात. ते ढिले पडले की सगळं गुडघ्यांवर येतं. आज गुडघे जराही कुरकुरले नाहीत. फार बरं वाटलं!

याचं श्रेय मी बैठकांना देतो. आमच्या वयाचे बरेच जण रोज फिरतात, ते उत्तमच. पण वयाबरोबर स्नायू झिजतात आणि ते टिकवायला नुसतं चालणं पुरत नाही, त्यांना भार द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ नंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, निदान २ दिवस ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगते. (तोलाकडे तर कुणाचं लक्षच नसतं!)

मित्रांनो, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस करण्यापासून सुरुवात करा. हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पुढच्या रविवारी गडावर कोण कोण येतंय? वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही माझ्याकडून.