आतून पोखरलेला बर्फ

अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उतकियाग्विकला रस्ता जात नाही. विमानानेच यावं लागतं. २०१६ पर्यंत या गावाचं नाव बॅरो होतं. मे महिन्याच्या उत्तरार्धात इथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे आम्ही रात्रीचं जेवण आटोपून समुद्राच्या बर्फाचे नमुने घ्यायला निघालो. चुकची समुद्राचा किनाऱ्याला धरून गोठलेला बर्फ, बर्फावर चालणाऱ्या स्नोमशीनच्या मागे सामानाची घसरगाडी आणि ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवणारा रायफलधारी सोबती.

पोकळ ड्रिलने बर्फाचा मीटरभराहून लांब दंडगोल बाहेर आला आणि सगळ्यांची एकच धांदल उडाली. ठरावीक अंतरावर भोकं पाडून आतलं तापमान घ्यायचं, लगेच करवतीने तुकडे करून डब्यांत भरायचे. उशीर झाला तर आतलं खारं पाणी गळून जातं. फोटो काढायलाही कुणी थांबू देईना!

समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. गोठताना बर्फाचे स्फटिक मीठ सामावून घेत नाहीत. बरंचसं मीठ खाली समुद्रात जातं, उरलेलं अतिखाऱ्या पाण्याच्या रूपात उभ्या स्फटिकांमधल्या बारीक कप्प्यांत अडकतं. कडाक्याच्या थंडीत हे कप्पे आक्रसून सुटे राहतात. बर्फ तापला की कप्प्यांच्या भिंती विरघळतात, कप्पे फुगतात, एकमेकांना मिळतात आणि वरपासून खालपर्यंत वाटा तयार होतात. गणितज्ञ केनेथ गोल्डन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचा उंबरठा दाखवला: हजारात पाच भाग क्षार असलेला बर्फ उणे ५ अंशांच्या आसपास आला की त्यातल्या खाऱ्या पाण्याचं प्रमाण पाच टक्क्यांवर जातं आणि बर्फातून पाणी वाहू लागतं. आमच्या दंडगोलाचा वरचा भाग होता उणे ३ अंश. म्हणजे पायाखाली चाळण होती.

बर्फ वितळण्याच्या बातम्यांत क्षेत्रफळ आणि जाडी येते, हा आतला बदल क्वचितच येतो. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. शरद ऋतूत समुद्र उशिरा गोठतो, हिवाळा सौम्य जातो, मग वसंतात बर्फ लवकर उंबरठा ओलांडतो. त्याची ताकद त्याच्या जाडीपेक्षा आधी घटते. शिवाय अनेक उन्हाळे पाहिलेला बर्फ जवळजवळ संपत आलाय. १९८० च्या दशकाच्या मध्यात आर्क्टिकमधल्या हिवाळी बर्फाचा सुमारे एक तृतीयांश भाग चार वर्षांहून जुना होता. आता जेमतेम काही टक्के. उन्हाळ्यात वितळलेलं गोडं पाणी आतल्या वाटांनी झिरपतं आणि मीठ धुऊन नेतं, म्हणून जुना बर्फ घट्ट असतो, वितळवून पिताही येतो.

आमच्या सोबत्याचे वडील पिण्यासाठी असाच निळसर बर्फ फोडून आणायचे. या वसंतात त्याला तो एकदाही दिसला नव्हता. तो देवमाशांची शिकार करणाऱ्या, इथल्या मूळनिवासी इन्युपियाट कुटुंबातला. कित्येक टनांचा बोहेड देवमासा ओढून वर घ्यायला भक्कम बर्फ लागतो, आणि अशी जागा शोधण्यातच आता बराच वेळ जातो म्हणाला.

परतताना एका भेगेपाशी त्याने लांब काठी बर्फात खुपसली. ती फार सहज आत गेली. काही न बोलता त्याने स्नोमशीन वळवली आणि आम्हाला लांबच्या वाटेने गावात आणलं.