हजेरीची चिठ्ठी

2025 च्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले आणि चौथ्या दिवशी कंटाळले. "तुम्ही दोघं कामावर गेलात की मी जायचं कुठं?" घरापासून मेट्रा या उपनगरी रेल्वेचं स्टेशन चार मैलांवर. चालत जावं तर फूटपाथ मध्येच संपतो, पुढे नुसतं गवत. गाडी नसेल तर इथे माणूस पोस्टातल्या पार्सलासारखा पडून राहतो.

त्याच आठवड्यात इलिनॉयच्या विधिमंडळात शिकागो परिसराच्या वाहतुकीचं विधेयक गाजत होतं. मी बाबांना समजावलं. शहरातल्या बस आणि लोकल सीटीएच्या, उपनगरी रेल्वे मेट्राची, उपनगरातल्या बस पेसच्या, आणि तिघांच्या डोक्यावर आरटीए ही देखरेखीची संस्था.

"म्हणजे संघ झाला की. संचालक किती?"

"सोळा."

"आणि आपल्या गटातनं किती?"

बाबा साखर कारखान्याचे जुने सभासद. कुठल्याही संस्थेचं नाव काढलं की पहिला प्रश्न गटवार संचालकांचा. मला उत्तर येत नव्हतं. या ड्यूपेज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी समजा) मी अकरा वर्षं कर भरतोय.

रात्री बसून शोधलं. आरटीए 1974 च्या सार्वमतातून जन्मली, तीही काठावरच्या मतांनी. आमच्यासारख्या बाहेरच्या काउंट्यांना ती नको होती. 2008 पर्यंत मंडळ तेरा जणांचं होतं आणि ड्यूपेज, केन, लेक, मॅकहेन्री, विल या पाचही काउंट्यांना मिळून तीन जागा होत्या. त्या वर्षी कायदा बदलला, मंडळ सोळाचं झालं आणि प्रत्येक काउंटीला स्वतःची एक जागा मिळाली. आता नव्या विधेयकात आरटीए जाऊन तिच्या जागी नवं प्राधिकरण येणार होतं आणि त्याचे संचालक वीस. पाच गव्हर्नरचे, पाच शिकागोच्या महापौरांचे, पाच, शिकागो जिच्यात येतं त्या कुक काउंटीच्या अध्यक्षांचे आणि पाच आमचे. म्हणजे मंडळ वाढलं, आमचा आकडा तोच. सोळात पाच होते, ते विसात पाच.

2020 च्या जनगणनेत या पाच काउंट्यांत मिळून 31 लाख 70 हजार लोक होते. कुक धरून सगळ्या परिसराचे 84 लाख 45 हजार. साडेसदतीस टक्के माणसं, पंचवीस टक्के खुर्च्या. त्यातही ड्यूपेजची वस्ती 9 लाख 32 हजार, मॅकहेन्रीची 3 लाख 10 हजार, आणि दोघांना एकेकच जागा. बाबांना कागदावर मांडून दाखवलं तर ते म्हणाले, "मग अर्ज कर."

अर्ज म्हणजे इथे 'विटनेस स्लिप'. मी तिला हजेरीची चिठ्ठी म्हणतो. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर समितीची बैठक शोधायची, विधेयकाचा क्रमांक शोधायचा आणि फॉर्म भरायचा. नाव, पत्ता, कुणाच्या वतीने बोलताय? 'स्वतः' लिहिलं. त्या रकान्यात इतर लोक मोठमोठ्या संघटनांची नावं घालतात; आपलं 'स्वतः' लग्नाच्या आहेरात अकरा रुपयांचं पाकीट ठेवल्यासारखं दिसतं. मग साक्ष कशी देणार ते विचारतात: तोंडी, लेखी की नुसती हजेरी. इथवर ठीक.

अडलो भूमिकेच्या रकान्यात. समर्थक, विरोधक, भूमिका नाही. तीनच पर्याय. मला विधेयक हवं होतं, कारण त्यातून पैसे आले नाहीत तर आहे तीही सेवा कापली जाणार होती. जागांची वाटणी मात्र मान्य नव्हती. 'मान्य, पण' असा रकानाच नाही! आपल्या ग्रामसभेत तर सगळं कामकाज त्या 'पण'वरच चालतं. शेवटी समर्थक निवडलं आणि 'पण' लेखी निवेदनात घातला: मोठ्या काउंटीला वस्तीप्रमाणे दुसरी जागा द्या.

निवेदन एका सहकाऱ्याला वाचायला दिलं. तो शहरात राहतो, रोज लोकलने येतो. त्याने शांतपणे विचारलं, "प्रवासी सगळ्यात जास्त कुणाचे? सीटीएचे. कर कोण जास्त भरतं?" बोलणं खरं होतं. या वाहतुकीसाठीचा विक्रीकर तेव्हा कुकमध्ये साधारण एक टक्का होता. आमच्याकडे पाऊण, आणि त्यातलाही पाव टक्का काउंटी स्वतःकडे ठेवायची. मी निवेदनातला 'अन्याय' हा शब्द काढला. मागणी ठेवली.

आणि मग कळलं की दुरुस्ती आली की जुनी चिठ्ठी तिच्यासाठी चालत नाही, पुन्हा भरायची. मी तीनदा भरली. 31 मे रोजी सिनेटने विधेयक मंजूर केलं, हाऊस या दुसऱ्या सभागृहाने मतालाच घेतलं नाही. शरद ऋतूत तोच मजकूर बऱ्याच फेरफारांनी वेगळ्या क्रमांकाखाली आला, सिनेट बिल 2111. चौथी चिठ्ठी. तोवर बाबा गावी परतले होते, गळीत हंगाम तोंडावर होता.

31 ऑक्टोबरच्या पहाटे विधेयक पार पडलं आणि 16 डिसेंबरला गव्हर्नर प्रिट्झकर यांनी सही केली. नवं प्राधिकरण 1 जून 2026 पासून. संचालक वीसच, वाटणी पाच-पाचचीच. दुसऱ्या जागेचं कुणी नाव काढलं नाही, माझ्या निवेदनामुळे कुणी काढलं असतं असंही नाही.

रविवारी बाबांना फोन केला.

"मग, आपला किती?"

"एकच."

"निवडणूक कधी?"

निवडणूक नसते, काउंटी बोर्डाचे अध्यक्ष नेमतात, असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"अरे, मग तू विधिमंडळाला कशाला चिठ्ठ्या लिहीत बसलास? त्या अध्यक्षाला जाऊन भेट ना."

काउंटी बोर्डाच्या बैठकीत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. पुढच्या बैठकीसाठी नाव दिलंय. ती काउंटीच्या मुख्यालयी, व्हीटनला असते, आणि मला तिथे गाडीनेच जावं लागेल.