उठावं की बसावं

नाटक वाईट आहे हे बायकोला माझ्याआधी साधारण पंचवीस मिनिटं कळतं. मला कळेपर्यंत तिने पर्समधून स्कूटरची किल्ली काढून हातात घेतलेली असते. त्या किल्लीला एक बारीक घुंगरू आहे. अंधारात ते वाजलं की मी समजतो, आज मध्यंतरात वडा खायला नव्हे, घरी जायला उठायचंय.

मी बसणाऱ्यांतला. ही काही रसिकता नव्हे. माझ्या मते हा सत्यनारायणाचा परिणाम आहे. आमच्या घरी दर श्रावणात पूजा असे आणि पोथीतली कलावतीची गोष्ट मी दरवर्षी छातीत धडधड होत ऐकत असे. नवरा गलबत घेऊन परत आला म्हणून ही पोरगी आनंदाच्या भरात प्रसाद न घेताच धावत सुटली, आणि तिकडे किनाऱ्याला लागलेलं गलबत नवऱ्यासकट बुडालं. गुरुजी हा अध्याय वाचताना आवाज चढवायचे आणि दाराजवळ चुळबुळ करणाऱ्या मंडळींकडे बघायचे. मंडळी पुन्हा मांडी घालून बसायची. तेव्हापासून कुठूनही मधेच उठायचं म्हटलं की लांब कुठेतरी एक गलबत कलल्यासारखं वाटतं. बरं, नाटकाला प्रसादही नसतो. वडा असतो, पण तो मध्यंतरातच संपतो.

बायको डोंबिवलीची. तिच्या माहेरी नाटकाचा शेवट नाटककाराच्या हातात नसे, रेल्वेच्या हातात असे. दादरला शिवाजी मंदिरात रात्रीचा प्रयोग, बरोबर दोन लहान मुलं, आणि परत जायला गाडी. खुनी कोण ते उघडकीला यायच्या सुमारास तिचे बाबा घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, आणि मग अख्खं कुटुंब रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत, वाकून वाकून बाहेर. तिने लहानपणी पाहिलेल्या बहुतेक रहस्यनाटकांतले खुनी अजून मोकाट आहेत. तिला त्याचं काही वाटत नाही. ‘कुणीतरी मारलं असेल, ज्याचं त्याला माहीत,’ असं ती म्हणते. मला हे ऐकवत नाही.

इतिहास तिच्या बाजूने आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ज्या संगीत रंगभूमीचं नाव काढलं की आपण सरसावून बसतो, तिची सुरुवातच अर्धी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो सातांपैकी चारच अंकांचा. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. कण्वमुनींनी तिला सासरी कसं वागावं ते सांगितलं, सख्या रडल्या, हरणाच्या पाडसाने पदर धरला, आणि पुणेकर घरी गेले. दुष्यंताने ओळख न दाखवणं नाही, हरवलेली अंगठी नाही, मासा नाही, कोळी नाही. लेक सासरी सुखात आहे असं समजून दिवा मालवायला हरकत नव्हती. दोन वर्षांनी, 1882 ला, ‘सौभद्र’ आलं, तेही आधी तीन अंकांचं. पाचही अंक पुढे झाले. ‘रामराज्यवियोग’ तर तीन अंकांवरच थांबलं. 1884 मध्ये ते रंगभूमीवर आलं आणि पुढचे अंक लिहायच्या आत, 1885 मध्ये, अण्णासाहेब गेले.

त्या प्रेक्षकांपैकी कुणी ‘आमचे उरलेले अंक द्या’ म्हणून भांडलं असेल असं मला वाटत नाही. शकुंतलेचं पुढे काय झालं, सुभद्रा कुणाला मिळाली, हे सगळ्यांना आजीकडून आधीच कळलेलं होतं. ती माणसं पदं ऐकायला जात. एखाद्या पदाला वन्समोअर पडत राहिला की गोष्ट तिथेच ताटकळत उभी राहायची आणि कुणालाही घाई नसे. शेवटासाठी थांबायची सक्ती आपल्यावर बहुधा नंतर आली, नाटकात शेवटी काहीतरी ‘कळायला’ लागलं तेव्हा.

कोकणात तर उठावं की बसावं हा प्रश्नच नसतो. तिथे आडवं व्हायचं असतं. आजोळच्या जत्रेत देवाची पालखी फिरून आली की रात्री उशिरा दशावतार उभा राहायचा. आम्ही पोरं घोंगडी घेऊन पुढे. गणपती येऊन जायचा, संकासुराची थट्टामस्करी व्हायची, आणि मुख्य आख्यान सुरू व्हायच्या वेळी आम्ही घोंगडीत. शेजारच्या मामाला सांगून ठेवायचं, ‘लढाई लागली की उठव.’ मामाही झोपायचा. मग पेटीवाल्याने सूर चढवला आणि झांज कडाडली की सगळं आवार एकदम उठून बसायचं, राक्षस मरेपर्यंत बघायचं आणि पुन्हा कलंडायचं. उजाडता उजाडता दहीकाल्याची हंडी फुटायची तेव्हा मात्र एकही जण झोपलेला नसे. पहाटे चहाच्या दुकानात हीच माणसं रात्रीच्या राजाने तलवार कशी फिरवली त्याची चर्चा करायची. नटांचा अपमान वगैरे काही होत नसे. राजाचं काम करणाऱ्यालाही ठाऊक असायचं की समोरची माणसं आपल्या भरवशावर झोपली आहेत.

नाट्यगृहातल्या खुर्चीत ही सोय नाही. खुर्चीत झोपलं की घोरणं ऐकू येतं, आणि शेजारी बायको असते.

मला मधे उठता येत नाही, त्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कलावतीपेक्षा जड आहे. कॉलेजात असताना मी पडदा ओढायचो. आमच्या ग्रुपमध्ये अभिनय सगळ्यांनाच यायचा, म्हणून पडदा माझ्याकडे आला. एका वर्षी आम्ही हौशी स्पर्धेत नाटक केलं. लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच. दोन पात्रं, एक खुर्ची, एक न उघडणारी खिडकी आणि दोन अंक. तिकीट चहाच्या किमतीत होतं, त्यामुळे सुरुवातीला गर्दी बरी होती.

स्टेजवरून प्रेक्षक दिसत नाहीत असं लोकांना वाटतं. चेहरे दिसत नाहीत, हे खरं. डोळ्यांवर उजेड असला की समोर नुसता काळोख असतो. पण दार दिसतं. कुणी बाहेर पडलं की त्या काळोखात उजेडाचा एक उभा तुकडा उघडतो, त्यात पाठमोरी आकृती दिसते, आणि तुकडा मिटतो. विंगेत दोरी धरून मला दुसरं काम नव्हतं. मी ते तुकडे मोजत बसलो. दुसऱ्या अंकात एकवीस झाले. त्यांतले काही तिघाचौघांचे होते. प्रत्येक तुकड्यानंतर आमच्या नायकाचा आवाज थोडा चढायचा, जसं काही जाणाऱ्याला ऐकूच गेलं नव्हतं म्हणून तो निघाला. शेवटचं स्वगत हळू म्हणायचं ठरलं होतं. ते त्याने जवळजवळ हाका मारत म्हटलं. मी पडदा ओढला तेव्हा खाली तीन परीक्षक, खिडकी रंगवणाऱ्याचे आईवडील आणि पंखे बंद करायला आलेला माणूस एवढेच उरले होते. परीक्षकांपुढे टेबलावर छोटा दिवा होता म्हणून ते नक्की तिथे होते एवढं दिसलं. त्यांना उठायची मुभा नसते. जगातला सगळ्यात सोशिक प्रेक्षक कोण असं मला कुणी विचारलं, तर मी स्पर्धेचा परीक्षक सांगेन, भले तो निकाल कसाही लावो.

नायक आणि मी त्या रात्री चालत घरी गेलो. त्याने एकच विचारलं, ‘किती गेले?’ मी म्हटलं, ‘मोजले नाहीत रे.’

म्हणून बायकोचं घुंगरू वाजतं तेव्हा मला तो उजेडाचा तुकडा दिसतो. तिला हे सांगून झालंय. तिचं म्हणणं, त्या दिवशी खरी दया कुणाची यायला हवी होती तर त्या एकवीस तुकड्यांची, की त्यांना निघायला दुसऱ्या अंकापर्यंत वाट पाहावी लागली. पैशांचा मुद्दा काढला की ती म्हणते, ‘पैसे तर तिकीटखिडकीवरच गेले. आता संध्याकाळ पण द्यायची का त्यांना?’ यावर मला आजवर उत्तर सापडलेलं नाही. एवढं मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय की उठायचं ते मध्यंतरात, नाहीतर प्रवेश बदलताना अंधार होतो तेव्हा. चालू वाक्यात नाही.

आणि एका जमातीबद्दल आमचं दोघांचं एकमत आहे. शेवटच्या पाच मिनिटांत उठणारे. मध्यंतरात जाणारा माणूस निदान नाटकाबद्दल काहीतरी मत देऊन जातो. हे लोक दोन तास खुशीत बसलेले असतात, हसलेले असतात, डोळे पुसलेले असतात, आणि नायिका शेवटचं वाक्य बोलायला श्वास घेते तेवढ्यात यांना पार्किंग आठवतं. पडदा पुन्हा वर जातो, सगळे नट हातात हात घालून वाकतात, आणि समोर निम्म्या लोकांच्या पाठी असतात. एक नट पुढे येऊन हात जोडून सांगतो, ‘नाटक आवडलं असेल तर दहा जणांना सांगा, नाही आवडलं तर आम्हाला सांगा.’ तोवर खाली दुचाक्यांचे हॉर्न सुरू झालेले असतात. जुन्या संगीत नाटकात शेवटी भरतवाक्य असे, सगळ्यांचं भलं होवो अशा अर्थाचं. त्या काळी दुचाक्या नव्हत्या, म्हणून सगळ्यांचं भलं व्हायला वेळ मिळे.

एवढं सगळं बोलून झाल्यावर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी फारच सज्जन वाटेन.

आमचा एक मित्र आहे. बँकेत नोकरी करून हौस म्हणून नाटकं करायचा, आणि पन्नाशीला आल्यावर त्याला एका व्यावसायिक नाटकात काम मिळालं. घरमालकाचं. पहिल्या अंकाच्या शेवटी घरमालकाचा खून होतो. त्याने दोन पास दिले, चौथ्या रांगेतले, साडेपाचच्या प्रयोगाचे. पास हा तिकिटापेक्षा महाग प्रकार आहे. तिकीट काढलं की नाटक संपल्यावर आपण मोकळे. पासवाल्याला आत जाऊन ‘छान झालं’ म्हणावं लागतं.

मित्राने काम चोख केलं. मेलाही चांगला. पण बाकीच्या नाटकाबद्दल न बोललेलं बरं. पडदा पडला, दिवे लागले आणि घुंगरू वाजलं.

‘अगं, पास आहेत,’ मी म्हटलं.

‘मग परत येऊ की आठला,’ ती म्हणाली. ‘आत जाऊन भेटू. तोवर इथे बसून त्याचं काय भलं होणार आहे? तो तर मेलाय.’

आणि मी उठलो. खरंच उठलो. समोरच्या उडप्याकडे आम्ही शांतपणे डोसे खाल्ले, वर फिल्टर कॉफी घेतली, बाहेर पाऊस पडत होता आणि मला लाज वाटत होती ती इतकी छान वाटत असल्याची. आठाला दहा कमी असताना पुन्हा दाराशी येऊन उभे राहिलो. बेत असा होता की बाहेर पडणाऱ्यांच्या बोलण्यातून शेवट काय झाला ते उचलायचं. चारशे माणसं आमच्यासमोरून गेली. ‘छत्री कुठे ठेवलीस?’, ‘रिक्षा मिळेल का?’, ‘भाजी काय आहे घरी?’, ‘मी पुढे होऊन गाडी काढतो.’ खून कुणी केला याबद्दल एक अक्षर नाही.

रंगपटात मित्र आरशासमोर बसला होता. अर्धा चेहरा पुसलेला, सदऱ्यावर छातीपाशी लाल डाग तसाच. आम्हाला बघून उठला, हात पुसून पुढे आला.

‘छान झालं,’ मी म्हटलं.

‘माझं सोड रे. शेवट कसा वाटला ते सांगा,’ तो म्हणाला. ‘वहिनी, तुम्ही सांगा, तुम्ही खरं बोलता. मी मेल्यावर सव्वा तास इथेच बसून असतो, कर्टन कॉलला उभं राहायचं म्हणून घरीही जाता येत नाही. तालमीत शेवट बदलला त्या दिवशी मी बँकेत होतो. आज बावीसावा प्रयोग, दुसरा अंक मी अजून पाहिलेला नाही. टाळ्या ऐकू येतात, पण कशावर येतात ते कळत नाही.’

मी बायकोकडे पाहिलं. ती आरशाकडे बघत होती.

‘शेवट जरा लांबला,’ ती म्हणाली.

‘हो ना,’ मित्र म्हणाला, ‘इथे बसून मलाही रोज तेच वाटतं.’