पसरणी घाटात ब्रेक धरून बसलेली पद्मिनी

वाईत माझं गॅरेज आहे. मागच्या उन्हाळ्यात दुपारच्याला फोन आला की पसरणी घाटात प्रीमियर पद्मिनी गाडी अडकलीये, पहिल्या गिअरमध्ये पण ओढत नाही आणि पुढच्या चाकांतून जळका वास येतोय. पुण्याहून पाचगणीला निघालेले काका-काकू होते, गाडी काकांच्या वडिलांनी 1976 साली नवी घेतलेली, आणि महिनाभर आधीच पुढचे मूळ ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेकचं किट बसवून घेतलेलं.

गॅरेजवरच्या पोराला घेऊन वर गेलो. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं चाक जॅकवर घेतलं तर हाताने हलेना, डिस्कवर निळसर झाक आलेली. काका म्हणाले, "अहो, खंबाटकीतच जड वाटत होती, पण सुरूर फाट्यावर चहाला थांबलो तर परत हलकी झाली." हे ऐकलं आणि माझं लक्ष चाकावरून उडून थेट बोनेटकडे गेलं, कारण कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन गंजून अडकला असता तर तो चहाच्या वेळात आपोआप सुटला नसता, इथे ऑइल तापलं की धरतंय आणि निवलं की सोडतंय.

बोनेटखाली मास्टर सिलिंडर असतो, पेडल दाबलं की तोच ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो, त्याच्या पाइपचा नट चिंधी गुंडाळून जरासा ढिला केला (ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग उचलतं, जुन्या गाडीवर तर हे फार जपायचं). चिळकांडी उडाली आणि तिकडून पोरगं ओरडलं, "सुटलं!" दोन्ही चाकं फिरायला लागली. म्हणजे होजपाइप साफ, कॅलिपरही ठीक, प्रेशर मास्टरमध्येच अडकत होतं. मग पेडल हाताने दाबून बघितलं. सुरवातीला अगदी थोडा फ्री प्ले पाहिजे, पेडलचा पुशरॉड मास्टरच्या पिस्टनला टेकायच्या आधीचा, तो अजिबातच नव्हता. पुशरॉडच्या लॉकनटवर पान्याच्या ताज्या खुणा, आटे बाहेर आलेले, कोणीतरी रॉड वाढवलेला.

मी रॉड परत मागे घेतला तर पेडल जवळपास फ्लोअरपर्यंत जायला लागलं. अशा पेडलवर घाट उतरायचा नाही म्हणजे नाही, टोइंगवाल्याला बोलावलं आणि गाडी खाली आणली. काकू घाबरल्या होत्या, त्यांना आधी पाणी दिलं.

गॅरेजवर सगळं उघडल्यावर काय झालं असणार ते कळलं. किटमध्ये डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट, पॅड सगळं होतं, फक्त मास्टर सिलिंडर नव्हता, म्हणून जिथे किट बसवलं तिथे जुना सहा सुती (आतून पाऊण इंची) मास्टर तसाच ठेवला. कॅलिपरचा पिस्टन ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा खूप मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं, ते जुना मास्टर एका दाबात देऊ शकत नाही, म्हणून पेडल खोल जाणार. ते वर आणायला रॉड वाढवला, त्याने पिस्टन कायम थोडा आत ढकललेला राहिला, आणि मास्टरमधलं ते बारीक भोक, ज्यातून तापलेलं फुगलेलं ऑइल परत टाकीत जातं, तेच झाकलं गेलं. शिवाय मास्टरच्या तोंडाशी ड्रमवाला चेक व्हॉल्व्ह तसाच होता, तो लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय प्रेशर धरून ठेवतो, ड्रममध्ये शूला (ड्रमला आतून घासणारे पट्टे) मागे ओढणाऱ्या स्प्रिंग असतात म्हणून चालतं, कॅलिपरला स्प्रिंग नसतात म्हणून पॅड घासत राहतात.

काका म्हणाले, "मग मी कुठलं किट घ्यायला पाहिजे होतं?" मी म्हणलं किटच्या फोटोत डिस्क किती चकचकीत आहे ते बघूच नका, आधी विचारायचं मास्टर कितीचा देताय. सहा सुतीचा सात सुती केला की क्षेत्रफळ साधारण 36 टक्के वाढतं, पेडल वर येतं, पण तेवढंच ते जडही होतं. त्यात ड्रमचा लीडिंग शू चाकाबरोबर स्वतःच आत ओढला जातो, डिस्कमध्ये ती मदत नसते, त्यामुळे सर्वो बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा) जवळजवळ लागतोच, मग तो बोनेटखाली कुठे बसणार आणि व्हॅक्यूम इंजिनच्या मॅनिफोल्डवरून कसा घेणार हे किट विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. ब्रॅकेटसाठी मूळ स्टब अ‍ॅक्सलला (ज्यावर पुढचं चाक फिरतं) वेल्डिंग करायला सांगत असेल तर तिथूनच उठायचं, सगळं बोल्टवर पाहिजे. आणि मूळ 14 इंची रिम कॅलिपरवरून मोकळी फिरली पाहिजे, स्पेसर टाकून जागा काढलेली मला पटत नाही, बेअरिंगवर भार वाढतो.

काकांच्या किटचे ब्रॅकेट नशिबाने चांगले जाड होते, रिमही मोकळी फिरत होती, म्हणून किट काढलं नाही. पॅड काचेसारखे झालेले ते बदलले, सात सुती टँडम (दोन वेगळ्या लाइनींचा) मास्टर मागवला म्हणजे एक लाइन गेली तरी दुसरी राहते, चेक व्हॉल्व्ह फक्त मागच्या ड्रमच्या लाइनला ठेवला, सर्वो बसवला. मग एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर मध्यम स्पीडवरून हळूहळू थांबवत आणि मध्ये डिस्क निवू देत नवे पॅड डिस्कवर घासून बसवून घेतले, गाडी सरळ थांबायला लागली, कुठे ओढत नव्हती.

जुने ड्रम, बॅकप्लेट, मास्टर सगळं ग्रीस लावून पोत्यात बांधून काकांना दिलं. 2021 च्या नियमात 50 वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज गाड्यांचा व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, उद्या त्यांना ते करायचं झालं तर सामान हाताशी असावं.

काका आता मागे पण डिस्क टाकायचं म्हणतायत. मी नको म्हणलंय, हँडब्रेक त्या ड्रमवरच आहे आणि ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागे ड्रम भरपूर पुरतो.