देवळांच्या झाडावर खाजं उगवलं : घरच्या विकीची आवराआवर, नोंद तिसरी

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलं होतं की घरच्या विकीवरच्या पानांचे वर्ग (कॅटेगरी) लावायचं काम आता दोन रविवारचं उरलंय. ते दोन रविवार कधीच गेले, मध्ये पाऊस लागला, चवथ येऊन गेली, आणि काम संपायचं सोडून वाढलंय. एक बरं झालं, चुकत कुठं होतं ते सापडलं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी, फोंड्याला घरी एका जुन्या लॅपटॉपवर मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) टाकलंय, त्यात गोव्यातली देवळं, जत्रा, फेस्तं (चर्चचे सण), वाद्यं, खाऊ, मानकऱ्यांच्या गोष्टी असं जे हाती लागेल ते साठवत असतो. आज पानं ४१२. वाचणारे दोन, मी आणि आई.

तर आईलाच दाखवत होतो. कॅटेगरीट्री नावाचं एक्स्टेन्शन चालू केलेलं, बाण दाबला की वर्गाच्या पोटातले वर्ग उघडतात, एकदम झकास दिसतं. 'देवळं' दाबलं, तालुके आले. फोंडा दाबला, त्यात 'श्री मंगेश', त्यात 'मंगेशीची जत्रा', त्यात 'जत्रेतला खाऊ', आणि त्याच्या खाली खाजं. आईनं चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "खाजें देवूळ केन्ना जालें रे?" (खाजं देऊळ कधी झालं रे?)

हसलो खरा, पण रात्री झोप नाही. कारण एकेक पायरी बघितली तर चूक एकही नाही हो. मंगेशीची जत्रा मंगेशाच्या खाली नाही ठेवायची तर कुठं ठेवायची, आणि जत्रेतला खाऊ जत्रेच्या खालीच येणार. पण सगळ्या पायऱ्या चढून वर गेलं की खाजं म्हणजे देऊळ, आणि ढोल, झांज, फुगेवाला सगळीच देवळं. नंतर मोजलं तर 'देवळं' या एका वर्गाच्या पोटात, सगळे थर धरून, ४१२ पैकी ३०० च्या वर पानं निघाली, म्हणजे त्या वर्गाला काही अर्थच उरला नव्हता.

गोम अशी आहे की दोन वेगळी नाती मी एकाच गाठीनं बांधत होतो. 'फोंडा तालुक्यातली देवळं' हा 'देवळं'चाच एक भाग, त्यातलं प्रत्येक पान देऊळच. 'मंगेशीची जत्रा' हा देवळाचा प्रकार नाही, देवळाशी जोडलेला विषय आहे. मीडियाविकीला हा फरक कळत नाही, वर्गाच्या पानावर [[वर्ग:देवळं]] लिहिलं की तो पोटवर्ग झाला, मग ते नातं प्रकाराचं असो की नुसत्या ओळखीपाळखीचं. आता मी गाठ मारायच्या आधी मोठ्यानं बोलून बघतो, "ह्या वर्गातली प्रत्येक गोष्ट त्या वरच्या वर्गातली आहे का?" फोंड्यातलं प्रत्येक देऊळ हे देऊळ आहे का, आहे. जत्रेतला प्रत्येक खाऊ ही जत्रा आहे का, नाही. शेजाऱ्यांना वाटतं मी नाटकाची तालीम करतोय.

इंग्रजी विकिपीडियावाले यासाठी एक सोपी युक्ती वापरतात, विषयाचा वर्ग एकवचनी आणि वस्तूंच्या संचाचा अनेकवचनी, म्हणजे ऑपेरा हा विषय आणि ऑपेराज म्हणजे एकेक ऑपेरा. मी म्हटलं आपण पण करू. 'देऊळ' आणि 'देवळं', छान जमलं, 'वाद्य' आणि 'वाद्यं', ते पण जमलं. जत्रेला आलो आणि अडलो. एक जत्रा, दहा जत्रा! मराठीनं तिथंच पाय ओढला. शेवटी 'जत्रा (विषय)' असा कंस लावून वर्ग केला, दिसायला वाईट आहे पण चालतोय. खाऊ, दुकानं, दशावतारी नाटकं सगळं त्याच्यात गेलं आणि 'देवळं' मध्ये आता फक्त देवळं.

आता ठिकाणांचं रामायण. सुरुवातीला मी फोल्डरसारखा विचार केला होता, गोवा, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग देऊळ, आणि जोशात प्रत्येक देवळाच्या पानावर 'उत्तर गोव्यातली देवळं' असं हातानं लिहून ठेवलं. फोंड्याची ६८ पानं. माहिती घेतली होती जुन्या पुस्तकांतून, आणि फोंडा तालुका २०१५ च्या जानेवारीत दक्षिण गोवा जिल्ह्यात गेलाय हे मला, फोंड्यात राहणाऱ्याला, पानं टाकताना आठवलं नाही, आता बोला. ६८ पानं उघडून एकेक दुरुस्त केली. खरं म्हणजे जिल्हा देवळाच्या पानावर लिहायचाच नव्हता, तो फक्त तालुक्याच्या वर्गावर एकदाच लिहायचा, तालुका हलला तर एक ओळ बदलायची. आणि तालुका सुद्धा हातानं नाही लिहायचा, माहितीचौकटीच्या साच्यात (टेम्प्लेटमध्ये) तालुक्याचा रकाना आहे त्यावरून साच्यानंच वर्ग लावायचा. तसं केलंय आता. तांबडी सुर्लाचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ जुन्या पुस्तकांत सांगे तालुक्यात आहे, आता तो भाग धारबांदोड्यात, तर रकान्यात एक शब्द बदलला आणि काम झालं. साचाच बदलला असेल तर मात्र पानं लगेच नव्या वर्गात दिसत नाहीत, जॉब क्यू (साठलेल्या कामांची रांग) मागून सावकाश चालते, घरच्या विकीवर कोणी पानं उघडतच नाही म्हणून ती पण पुढं सरकत नाही, तेव्हा रनजॉब्स स्क्रिप्ट हातानं चालवा. मी अर्धा दिवस साच्यातच चूक शोधत बसलो होतो.

पण तालुके हलले तर हलले, आपल्याकडे देवच हललेत त्याचं काय करायचं? मंगेश मूळ कुठ्ठाळीचा, म्हणजे कुशस्थळीचा, १५६० मध्ये प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. सासष्टीत देवळं मोडली जात होती आणि फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होता म्हणून सगळे नदी ओलांडून इकडे. सप्तकोटेश्वर दिवाडीहून डिचोलीतल्या नार्व्याला गेला, तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतलं. नागेश तेवढा आपल्या जागी, त्याचा बांदोड्याचा शिलालेख १४१३ चा. फोल्डरच्या डोक्यानं चाललं तर मंगेशाला मुरगावात ठेवायचं की फोंड्यात? आणि कुठ्ठाळी तरी तेव्हा सासष्टीतच धरायचे, मुरगाव तालुका नंतरचा.

इथं माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट उजेड पडला की विकीचा वर्ग म्हणजे फोल्डर नाहीच. एक पान दहा वर्गांत राहू शकतं, एका वर्गाला तीन आईबाप असू शकतात. पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर उभं राहतं कारण पुस्तक एकच आहे, इथं ती अडचणच नाही तर मी ती ओढवून का घेतली? ग्रंथालयवाल्यांनी सुद्धा यातून वाट काढली होती म्हणा, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ मध्ये पुस्तकं लावायची कोलन पद्धत काढली तीच मुळी या कल्पनेवर की विषयाच्या बाजू वेगवेगळ्या मोजायच्या, वस्तू कुठली, जागा कुठली, काळ कुठला, आणि मग त्या जोडायच्या. मी तेच उचललं. आता तीन झाडं वेगळी वाढतात, काय आहे त्याचं, कुठं आहे त्याचं, आणि 'मूळ स्थान' हे तिसरं. मंगेशाच्या पानावर 'फोंडा तालुक्यातली देवळं' आणि 'कुठ्ठाळीहून स्थलांतरित दैवतं' दोन्ही, भांडण नाही. म्हालसेनं थोडं सतावलं, वेर्ण्याला जुन्या जागी नवं देऊळ उभं आहे, त्यामुळं तिची पानं दोन झाली, दैवताचा वर्ग एक.

फक्त झाडांच्या फांद्या एकमेकांत घालायच्या नाहीत. 'फोंड्यातली स्थलांतरित शैव देवळं' असा वर्ग मी एकदा केला होता, त्यात दोन पानं. असं काही हवं असेल तर शोधात दोन वर्ग एकदम टाकून बघता येतं, सिरससर्च हे शोधाचं एक्स्टेन्शन लावलं असेल तर. मी लावलेलं नाही, लॅपटॉपचा जीव केवढा.

किरकोळ गोष्टी पण सांगतो, कारण वेळ त्यांनीच खाल्ला. सगळी देवळं 'श्री' नं सुरू, त्यामुळं वर्गाचं पान उघडलं की वर एकच अक्षर 'श' आणि खाली सगळा गोवा. प्रत्येक पानावर डिफॉल्टसॉर्ट (यादीत पान कुठल्या नावानं लावायचं ते सांगणारी ओळ) लावून 'श्री' काढला, आता मंगेश 'म' मध्ये, पण शांतादुर्गा परत 'श' मध्येच, ती काय सोडत नाही. क्षेत्रपाल 'क' मध्ये बसतो ते मला खटकतं, आम्ही क्ष आणि ज्ञ शेवटाला म्हटलेत शाळेत. त्याला कोलेशनची, म्हणजे अक्षरांच्या क्रमाची, सेटिंग आहे, पण पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन लागतं आणि नंतर अपडेटकोलेशन स्क्रिप्ट, ते पुढच्या वेळी.

आणि हे वाचाच, दोन संध्याकाळी गेल्यात यात. 'किनाऱ्यावरची देवळं' असा वर्ग, नऊ पानं त्यात, आणि तीन पानांवर अगदी तेच नाव लाल दिसतंय, म्हणजे असं वर्गाचं पानच नाही. डोळे फाडून अक्षर अक्षर लावलं, काही फरक नाही. कॉपी करून कोड बघितले तेव्हा कळलं, मोबाईलवरून लिहिताना 'ऱ्या' मधला अर्धा ऱ हा ऱ अक्षराचाच होता आणि ऑफिसच्या जुन्या कीबोर्डवरून लिहिताना साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा. दिसायला जुळे भाऊ, विकीच्या लेखी दोन वेगळे वर्ग. मराठीत विकी चालवणाऱ्यांनी आधी आपले किनाऱ्यावरचे, दऱ्या, पायऱ्या, मानकऱ्यांचे असे शब्द तपासून घ्या. बार्देस आणि बार्देश हे पण दोन झाले होते, पण ते निदान दिसत तरी होते. वर्गाचं पान हलवलं म्हणून आतली पानं हलत नाहीत हे लक्षात ठेवा, ती जुन्या नावालाच चिकटून राहतात, एकेक बदलायची नाहीतर पायविकीबॉट (असे बदल आपोआप करणारा प्रोग्रॅम) चालवायचा.

मजा आली ती सात बहिणींत. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाय, मयेची महामाया, आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, लोक तिला मिराबाय म्हणतात, त्याच बहिणींतली धरतात. 'सात बहिणी' हा वर्ग 'देवी' खाली टाकला होता, म्हणजे म्हापशाचं चर्च 'देवी' मध्ये आलं. परत तीच तालीम, मोठ्यानं म्हणून बघितलं, आणि यावेळी वाक्य कोणाला खोटं म्हणायला सांगायचं तेच कळेना. शिरगाव आणि चर्च यांच्यात मोगरीच्या फुलांची आणि तेलाची देवाणघेवाण चालते, तिथं मी कोण बाण काढून टाकणारा. राहू दे म्हटलं. चर्चच्या वर्गात पण आहे, बहिणींच्या पण.

आजची स्थिती, विनावर्ग पानं ३७, एक चक्र सापडलं (जत्रा देवळांत आणि देवळं 'जत्रेची ठिकाणं' मध्ये, मीडियाविकी हूं का चूं करत नाही, बाण दाबत राहा, उघडतच राहतं), ते मोडलं. खाजं आता 'गोड पदार्थ' मध्ये टाकलंय. आईनं काल परत बघितलं. म्हणाली, खाज्यात आलं घालतात, जिभेला तिखट लागतं, मग नुसतं गोड कसं रे. बघतो आता.